मादाम कामांच्या मागावर एक रविवार

रविवारी सकाळी सातला मी आणि नववीतली माझी लेक चर्चगेटला उतरलो. रविवारच गाठा. मंत्रालयापासून रीगल सिनेमापर्यंतचा मादाम कामा रोड इतर दिवशी रमतगमत चालता येत नाही.

चालता चालता लेकीला स्टुटगार्टची गोष्ट सांगितली. २२ ऑगस्ट १९०७, जर्मनीतली समाजवादी परिषद, आणि तिथे भिकाईजी कामा, म्हणजेच मादाम कामा, या पारशी बाईंनी फडकवलेला भारताचा हिरवा-पिवळा-लाल झेंडा. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. ती म्हणाली, “आई, मग तो आत्ता कुठे आहे?” पुण्याला, केसरीवाड्यात. पुढची फेरी तिकडे ठरली.

रीगलहून शहीद भगतसिंग मार्गाने लायन गेटला या. समोरची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची. आत जायचं असेल तर मात्र कामाचा दिवस निवडा. इथे अनेकांची गल्लत होते, म्हणून सांगते: सीएसएमटीजवळचं कामा हॉस्पिटलही मादाम कामांचं नाही, ते पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या नावाचं.

मादाम कामांचा खरा माग लागतो तो कम्बाला हिलवर. चर्चगेटहून लोकलने ग्रँट रोड, तिथून टॅक्सी; चढ आहे, उन्हाच्या आत पोहोचा. १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता भिकाईजींना स्वतःलाच प्लेग झाला. त्यातून वाचल्या, पण तब्येत खालावली. १९०२ साली उपचारासाठी विलायतेला गेल्या आणि तिथेच क्रांतिकारकांत मिसळल्या. परतीची वाट सरकारने बंद केली. पक्षाघाताने खचल्यावर, राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्यावरच १९३५ च्या नोव्हेंबरात त्यांना मुंबईत पाऊल ठेवता आलं. ३३ वर्षांनी! पुढे जेमतेम नऊ महिने. १३ ऑगस्ट १९३६ ला इथल्या पारसी जनरल हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. ज्या बाईने कधी मान तुकवली नाही, तिला घरी येण्यासाठी सही करावी लागली, हे आठवून फाटकापाशी माझा गळा दाटून आला.

हे चालू रुग्णालय आहे. फोटोसाठी आत शिरू नका, रस्त्यावरूनच नमस्कार करा.

वेळ उरला तर बांद्र्याला जा. आपली बरीचशी मालमत्ता त्यांनी आवाबाई पेटिट अनाथाश्रमातल्या मुलींसाठी ठेवली होती. तिथे आज मुलींची शाळा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद होतं. लेक गजांतून बराच वेळ आत बघत उभी राहिली.