जी१०, डी४०, आरएक्स१००: प्रिंटमधला फरक लॅबचं ऑटो गिळत होतं

कॅमेऱ्यांच्या तुलनेच्या मागच्या फेरीतले निकॉन डी४०, कॅनन जी१० आणि सोनी आरएक्स१०० या कॅमेऱ्यांचे (इरकली, घोंगडी आणि झेंडूंच्या मांडणीचे) ८×१२ इंची प्रिंट शेजारी ठेवल्यावर तिघांचा उजेड आणि रंग जवळपास सारखा दिसत होता, आणि तेच खटकत होतं. डी४०चं मीटरिंग, म्हणजे उजेडाची मोजणी, उजळाकडे झुकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जी१०च्या जेपेगमध्ये सावल्या लवकर काळ्या पडतात. स्क्रीनवर ढळढळीत दिसणारा हा फरक कागदावर येईपर्यंत जातो कुठे? उत्तर मिळालं: मिनिलॅब, म्हणजे लॅबचं प्रिंट काढणारं मशीन, प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे तपासते आणि डेन्सिटी (गडदपणा), रंग आपल्या मनाने 'सुधारून' घेते; हेच ते ऑटो. म्हणजे आपण कॅमेऱ्यांची तुलना करत नव्हतो, मशीनच्या अंदाजाची करत होतो.

खात्री करायची चाचणी सोपी आहे. ४×६ साठी १२००×१८०० पिक्सेलच्या दोन फाइली करा. दोन्हींत मधे तोच ९००×१५०० चा फोटो. एकीला चारी बाजूंनी १५० पिक्सेलची पांढरी किनार, दुसरीला काळी. दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये द्या. ऑटो बंद असेल तर मधला फोटो दोन्हींत तंतोतंत सारखा येतो. चालू असेल तर काळ्या किनारीचा फोटो उजळ येतो, कारण मशीनला वाटतं फ्रेम अंधारी आहे. पांढऱ्या किनारीचा दबतो. आमच्या जोडीत मधल्या फोटोतल्या राखाडी चौकोनाचा फरक हातभर अंतरावरूनही दिसला. काउंटरवर 'नो करेक्शन' सांगितलं होतं, पावतीवर लिहिलंही होतं! प्रिंटच्या पाठीवर 'एन एन एन एन' छापलेलं असलं तरी त्यावर भिस्त नको. ऑपरेटरने हाताने काही हलवलं नाही एवढाच त्याचा अर्थ धरा.

आता लॅबशी भांडत बसण्यापेक्षा ऑटोला निरुपद्रवी करणं सोपं. तिन्ही कॅमेऱ्यांचे तुकडे एकाच फाइलमध्ये बसवले की मशीन जे काही करेल ते तिघांवर सारखंच होईल. मांडणी अशी: ८×१२ आडवा, ३६००×२४०० पिक्सेल, पार्श्वभूमी १२८ची (० काळा, २५५ पांढरा) राखाडी. प्रत्येकी ११००×१९०० च्या तीन उभ्या पट्ट्या, मधे आणि कडेला ७५ पिक्सेल. ३३०० अधिक ३००, हिशेब बरोबर बसतो. खाली २७५ पिक्सेल उंचीची राखाडी शिडी, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणाऱ्या चौकोनांची ओळ.

पट्टीत अख्खा फोटो टाकायचा नाही. तो १२×१८ चा प्रिंट काढला असता तर त्यातला जो भाग पट्टीएवढा भरला असता तेवढाच घ्यायचा. ३०० डीपीआयला १८ इंच म्हणजे ५४०० पिक्सेल. डी४०ची ३००८ रुंदी १.८ पट वाढवावी लागते, जी१०ची ४४१६ रुंदी १.२२ पट, आणि आरएक्स१००ची ५४७२ किंचित कमी करावी लागते. जी१०चं सेन्सर ४:३ असल्याने ३:२ साठी उंचीतल्या ३३१२ ओळींपैकी ३६८ जातात. १४.७ मेगापिक्सेलचा बडेजाव तिथेच १३ वर येतो. अशा रीतीने महागडा १२×१८ न काढता त्याच्या दर्जाची तुलना एका ८×१२ मध्ये होते.

तिन्हींच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइली रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये, व्हाइट बॅलन्स राखाडी कार्डावरून, नॉइज रिडक्शन शून्य. शार्पनिंग फोटो मोठा केल्यानंतर, आधी नाही. डेप्थ (फोकसमध्ये दिसणारी खोली) सारखी राहावी म्हणून लेन्सचं छिद्र डी४० एफ ८ ला, आरएक्स१०० एफ ४.५ ला, जी१० उघडता येईल तेवढं उघडं. जी१० एफ ८ ला लावून 'सॉफ्ट आहे' म्हणणाऱ्यांनी डिफ्रॅक्शनचा, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरून येणाऱ्या धूसरपणाचा, विचार करावा. एवढ्या बारीक पिक्सेलांना एफ ५.६ च्या पुढे काही मिळत नाही.

आणि इथेच दुसरी गोम निघाली. काही मशिनींत फ्रेममधल्या सावल्या भागाभागाने उजळायची सोय असते. ती चालू असेल तर एकाच फाइलमधल्या तीन पट्ट्यांनाही वेगवेगळी वागणूक मिळते, आणि खालची एकच शिडी हे पकडू शकत नाही. म्हणून मांडणी बदलली: प्रत्येक पट्टीखाली तिची स्वतःची शिडी. ११०० पिक्सेलमध्ये १०० चे ११ चौकोन, मूल्यं ०, २६, ५१, ७७, १०२, १२८, १५३, १७९, २०४, २३०, २५५. तिन्ही शिड्या कागदावर हुबेहूब जुळल्या तरच पट्ट्यांकडे बघायचं. आमच्याकडे डावी शिडी ५१ पाशी जराशी उजळ आली, आणि डावीकडेच घोंगडीचा काळा भाग सर्वांत जास्त होता. त्यामुळे हा प्रश्न अर्धाच सुटलाय. हे लिहितानाच सुचलं की तीच फाइल १८० अंशात फिरवून अजून एक प्रत काढायला हवी. उजळपणा घोंगडीबरोबर फिरला तर दोष सॉफ्टवेअरचा. कागदाच्या त्याच कडेला राहिला तर मशीनच्या एक्स्पोजरचा किंवा केमिकलचा. पुढची ऑर्डर तीच. पट्ट्यांची नावंही काढून टाकून मागे पेन्सिलने खूण करायची, म्हणजे बघणाऱ्याला आधी कळणार नाही.

साइजची भानगड वेगळी. बॉर्डरलेस प्रिंटसाठी मशीन फाइल थोडी फुगवून कडा कापतं. तपासायला फाइलमध्ये बरोबर ३००० पिक्सेलची रेघ काढा आणि कागदावर मोजा: १० इंच यायला हवी. शेजारी एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा रेघांचा चौकोन ठेवा. लुपखाली (भिंगाखाली) रेघा सुट्या दिसायला हव्यात. त्याऐवजी जाड-बारीक लाटा दिसल्या तर मशीनने फाइलचे पिक्सेल नव्याने बसवले आहेत आणि बारीक तपशिलावर निकाल देऊ नये. कागद ग्लॉसीच घ्या. मॅट आणि सिल्कचा पोत नेमका हाच फरक झाकतो, अल्बमवाल्यांना ते आवडतं तो भाग निराळा.

सिंगल फाइली द्यायच्या असतील तर एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्या. जास्त रंगांची अॅडोबी आरजीबी दिली तर प्रोफाइल (फाइलमधली रंगांची माहिती) न वाचणाऱ्या लॅबमध्ये सगळं मळकं येतं. एक्झिफ, म्हणजे फाइलमधली कॅमेऱ्याची नोंद, हीही काढून टाका, कारण एक्झिफ प्रिंट वाचणारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या माहितीवरून दुरुस्ती करू शकते. त्यासाठी एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर सरसकट चालवलं तर आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंगांची माहितीही, उडते, ते राखून ठेवा.

शिड्या जुळलेल्या भागावरून जे म्हणता येतं ते असं. बेस आयएसओला (कॅमेऱ्याच्या मूळ संवेदनशीलतेला), म्हणजे डी४० २००, जी१० ८०, आरएक्स१०० १२५, इरकली साडीच्या काठातले सुटे धागे आरएक्स१००मध्ये मोजता येतात, जी१०मध्ये दिसतात पण मोजताना अडखळायला होतं, डी४०मध्ये नुसता पट्टा उरतो. तरीही डी४०चे झेंडू सर्वांत पाकळीदार! लाल चॅनेल २५५ ला आपटू नये म्हणून त्याला एक्स्पोजर वजा ०.७ दिलं होतं आणि मधल्या टोनांमध्ये खरखर जवळपास नाही. आयएसओ ४०० ला चित्र उलटतं: जी१०च्या घोंगडीत रंगीत ठिपके लुपशिवाय दिसतात, डी४० शांत. ८×१२ पुरता विचार केला तर डी४०लाही २५० पीपीआय (इंचाला पिक्सेल) मिळतात, आणि हातभर अंतरावरून तिन्ही ओळखणं कठीण आहे. जी१०च्या प्रिंटची हॅसलब्लाड या महागड्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशी २००८ मध्ये झालेली तुलना इतकी गाजली ती का, हे बेस आयएसओची पट्टी बघून पटतं.

फोनची चौथी पट्टी घालायचा बेत होता, तो सध्या बाजूला. त्याचं शार्पनिंग फाइलमध्ये आधीच मुरलेलं असतं आणि ११०० ची मांडणी मोडावी लागते. त्याऐवजी तीच चाचणी एप्सन एल८०५ या घरच्या इंकजेट प्रिंटरवर, म्हणजे लॅब मधून बाजूलाच. ए४ वर १२ इंच मावत नाहीत आणि ड्रायव्हर ३६० च्या पटीतले पीपीआय मागतो, म्हणून नवी मांडणी ३६० पीपीआयला: पट्टी १२१० पिक्सेल, शिडीचा चौकोन ११०, मधे ९०, एकूण ३९९० म्हणजे साधारण ११.१ इंच. १८ इंचांसाठी रुंदी आता ६४८० धरायची. २६० जीएसएमच्या आसपासचा आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) ग्लॉसी कागद, कंपनीचीच शाई, आणि निकाल २४ तासांनी; ओल्या डाय शाईचा रंग वाळताना सरकतो. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बघा, स्वस्त कागदातलं ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) एलईडीखाली वेगळंच दिसतं. ड्रायव्हरमध्ये फोटो एन्हान्स बंद करून कागदाचं प्रोफाइल एडिटरमधून लावायचं, नाहीतर लॅबमध्ये पकडलेलं ऑटो घरच्या प्रिंटरवर परत सुरू.