आत्याचं कोरडं तोंड

वेंगुर्ल्याला आमच्याकडे माझी आत्या असते. नव्वदीला टेकलेली, आधाराशिवाय उठवत नाही. पावसाळा सरला तसं तिचं जेवण तुटत गेलं. “माका नको गो, घास घशात अडाकता,” म्हणायची. येणारे-जाणारे म्हणत, वय झालं, भूक मरायचीच. मला ते पटेना. उकड्या तांदळाची पेज ती वाटीभर पिऊन वर आणखी मागायची. भाकरी आणि सुका बांगडा पुढे आला की मात्र तोंड फिरवायची.

आटली होती ती लाळ. धडधाकट माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. तिच्यामुळे घास ओला होतो, चव कळते, दातांवरचं आम्ल धुतलं जातं. ती कमी झाली की दात मुळाशी किडतात, तोंडात बुरशी धरते, कवळी टोचते. आणि बरेचदा त्यामागे वयापेक्षा औषधं असतात. आत्याच्या पिशवीत लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन होती, आणि कधीकाळच्या सर्दीची सेट्रिझिन रोज चालूच होती. दोन्हींनी तोंड सुकतं. पिशवी तशीच डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी एक बंद केली, दुसरी बदलून दिली. आपल्या मनाने मात्र गोळी थांबवू नका.

आता जेवणाआधी आणि जेवताना घोट-घोट पाणी देते, पाठीला लोड देऊन नीट बसवून. ठसका लागत असेल, किंवा हृदयासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर आधी विचारून घ्यावं. मऊ भातावर माशाचं सार किंवा कुळथाची पिठी सहज उतरते. सोलकढी तिच्या जिवाची, पण कोरड्या तोंडाला कोकम झोंबतं. लिंबाची फोड चोखायला देतात तीही नको. धुवायला लाळ नसेल तर आंबटाने दात झिजतात.

सगळ्यात कठीण मशेरी. लहानपणापासूनची सवय, आणि ती तर भाजलेली तंबाखूच. हिरड्या खराब होतात, कॅन्सरची भीती वेगळीच. म्हणून सकाळी नेमक्या त्याच वेळी मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट हातात देते. हात थरथरतो, म्हणून दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आहे. कधी ऐकते, कधी डबी शोधत बसते. मी वाद घालत नाही; अख्ख्या आयुष्याची सवय आहे, तिला वेळ लागणारच.

कवळी रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवते. कढत पाण्याने ती वाकडी होते. अल्कोहोल असलेला माउथवॉश घरात आणत नाही, त्याने तोंड आणखी सुकतं. रात्री फारच कोरड पडली तर कृत्रिम लाळेचं जेल लावते, औषधाच्या दुकानात मिळतं.

आणि अधूनमधून खिडकीच्या उजेडात तिचे गाल आतून, जिभेखाली, टाळूला नीट बघते. पांढरा थर, लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर सरळ दंतवैद्याकडे न्यायचं, दुखत नसलं तरी.