दादाचे तळपाय

आई गेल्यावर थोड्याच दिवसांत दादा स्वतःच्या कानशिलात मारून घ्यायला लागला. दादा ४६ वर्षांचा. प्रमाणपत्रावर ‘बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलंय. प्रौढांच्या कार्यशाळेत तो कागदी पिशव्यांना नाडी ओवतो. तिथं त्याच्याइतकी सरळ नाडी कुणीच ओवत नाही, असं त्याचंच मत आहे आणि ते खरंही आहे. तर तो कार्यशाळेला जाईना, ताटात टाकायला लागला, मध्यरात्री उठून दाराशी बसायला लागला. एका डॉक्टरांनी “यांचं असं असतंच” म्हणत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मावशीचंही तेच: “त्याला काय कळतंय गं?”

१९८२ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना एका घाबरलेल्या माणसाची हकिगत वाचायला दिली होती. तो बौद्धिक अक्षम आहे असं सांगितलं, की त्याच भीतीकडे आजार म्हणून बघणं कमी व्हायचं. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात मोडत नाही असं म्हटलंय, ते योग्यच आहे. पण म्हणून अशा माणसाला नैराश्य येतच नाही असं कुठं आहे?

दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आधी दादाला तोंड उघडायला लावलं. आतली दाढ सुजली होती. मग कान बघितले, थायरॉइड तपासायला सांगितलं, पोट साफ होतं का विचारलं. दुखणं शब्दांत सांगता येत नसेल तर ते हातापायांतून बाहेर पडतं, म्हणाल्या. दाढ काढल्यावर मारून घेणं बरंच थांबलं. दाराशी बसणं मात्र थांबेना.

आईच्या अंत्यविधीच्या वेळी मोठ्या मंडळींनी त्याला शेजारी नेऊन बसवलं होतं आणि “आई देवाघरी गेली” एवढंच सांगितलं होतं. दादाच्या हिशेबात कुणाच्या घरी गेलेलं माणूस परत येतं. तो आईची वाट बघत होता. बाईंच्या सांगण्यावरून मी त्याला सरळ सांगितलं: आई मेली, तिचं शरीर जाळलं, ती आता येणार नाही. मावशी तडक उठून आत गेली. दादा खूप रडला, मग आईचं एक पातळ मागून घेतलं. ते अजून त्याच्या उशाशी असतं.

रडण्यामागोमाग राग आला, वस्तू फेकणं आलं. तेव्हा बाईंनी तळपायांचा सराव शिकवला. मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याबद्दल लिहिलंय. मारामारीमुळे रुग्णालयाबाहेर राहू न शकणारा एक तरुण या सरावानं सहा महिने शांत राहिला, बाहेर राहायला गेला आणि पुढं वर्षभर त्यानं कुणावर हात टाकला नाही. श्वासाकडे बघ, विचारांकडे बघ, हे दादाला हवेत बोट फिरवल्यासारखं वाटतं. पाय मात्र समोर दिसतात. पाय जमिनीवर सपाट टेकायचे, नेहमीसारखा श्वास घ्यायचा, आधी आनंदाची गोष्ट आठवायची (दादाची ठरलेली: एसटीत खिडकीची जागा), मग रागाची, आणि राग चढायला लागला की लक्ष तळपायांत न्यायचं. अंगठा हलव, टाच दाब, चपलेचा पट्टा कुठं लागतो बघ. मी शेजारी बसून तेच करते, कारण मी धुमसत असले की ते त्याला माझ्याआधी कळतं. सराव मन निवांत असतानाच करायचा. भांडण पेटल्यावर “पाय बघ, पाय बघ” असं ओरडणं म्हणजे आगीत तेल.

मधे माझंच डोकं फिरायची वेळ आली तेव्हा १४४१६ ला फोन केला. ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्यांनीही तिथं फोन करावा.

एक गोष्ट मला खटकते. कार्यशाळांमधून हे ध्यान येतंय ते चांगलंच, पण काही ठिकाणी त्याचा उपयोग ‘गप्प बस’ऐवजी होतो. दादा चिडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला कारण असतं. परवा कुणीतरी त्याच्या खुर्चीवर बसलं. पूर्वी त्यानं पिशव्यांचा गठ्ठा भिरकावला असता. या वेळी तो उभा राहिला, पायाची बोटं हलवत राहिला आणि मग मोठ्यानं म्हणाला, “माझी खुर्ची. ऊठ.”

संध्याकाळी तिथल्या ताईंचा फोन. “अहो, दादा अजून चिडतातच.”

“चिडू दे की,” मी म्हटलं, “आणि त्याची खुर्ची त्याला द्या.”

खुर्चीवर आता खडूनं त्याचं नाव लिहिलंय. ते सारखं पुसलं जातं, म्हणून त्यानं ऑइलपेंटचा डबा आणायला सांगितलाय. लाल.