तुम्ही विचारलंत म्हणून : नाना, अमेरिकेला किती तास?

मुलीकडे जाऊन आलो त्याला वर्ष झालं, तरी ओट्यावर बसलं की कोणीतरी विचारतंच. परवा धुळ्याकडचे पाहुणे आले, त्यांचंही तेच. ‘नाना, अमेरिकाले कितला घंटा लागतस?’

शेजारच्या भाऊंनी तर माझं तिकीट पाहून हिशोबच करून टाकला होता. मुंबई रात्री 2, न्यूयॉर्क सकाळी 7.55, तारीख तीच. ‘म्हणजे सहा तासांच्या आत! आपल्याला भुसावळहून मुंबई गाठायला सात लागतात!’ वजाबाकी बरोबर होती. रेल्वेत गार्ड होतो, जन्मभर मीही तीच केली. पण न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं. ते मिळवा. 15 तास 25 मिनिटं.

अंतर साधारण 12,500 किलोमीटर, तेही सरळ गेलं तर. सरळ म्हणजे काय, ते नातवाच्या पृथ्वीगोलावर कळलं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिकमध्ये शिरते. गोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला, तर तो आपोआप वर सरकला. मॉस्को, नॉर्वे-स्वीडन, आइसलँडच्या आसपासून ग्रीनलँडच्या खालच्या टोकाशी, आणि मग खाली. तोच जवळचा रस्ता. विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही म्हणा. वारा बघतात, आणि कुठल्या देशाने आकाश बंद केलं की वळसा. 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या गाड्यांचं, नव्हे विमानांचं, तेच झालं.

आता ओट्यापासून मोजा. सकाळी 11 ला घर सोडलं. बॅगा ताणकाट्यावर तीनदा टांगून झाल्या होत्या, 23 किलोच्या वर बिबड्याचा एक पापडसुद्धा नको म्हणून. जळगावहून मुंबईला विमान आहे, पण वेळ जुळेना, म्हणून आपली गाडीच. दशम्या इगतपुरीलाच संपल्या. मग दादर, टॅक्सी, विमानतळावरच्या रांगा, आणि रात्री 2 ला चाकं सुटली. झाले की 15 तास! भुसावळ ते मुंबई जेमतेम साडेचारशे किलोमीटर आणि पुढचे साडेबारा हजार, दोन्हींना जवळपास सारखाच वेळ.

येताना दुपारी 12 ला निघालो, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30. भाऊंच्या रीतीने साडेतेवीस तास! खरे 14 च. तिकडून येताना वरचं वारं पाठीशी असतं, म्हणून जाण्यापेक्षा कमी.

भाऊ काही ऐकेनात. शेवटी त्यांच्याच दोन वजाबाक्या घेतल्या, 5.55 आणि 23.30. बेरीज 29 तास 25 मिनिटं. माझ्या खऱ्या तासांची बेरीजही नेमकी तेवढीच! जाताना घड्याळाने चोरलेले साडेनऊ तास येताना परत केले होते. भाऊंनी कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, घरी जाऊन पुन्हा करून बघतो.