अजिंठ्याचा हात, 'कॅसाब्लांका'चा उजेड

छत्रपती संभाजीनगर, मे महिना, रविवार

'कॅसाब्लांका' या काळ्या-पांढऱ्या सिनेमावरची चित्रं आज भिंतीला टेकवून ओळीने लावली. बहुतेक आकृत्यांना चारी बाजूंनी रेघ आहे, आणि तीच डोळ्यांत खुपते. त्याचं कारण इथलंच आहे. मराठवाड्यातली चित्रकलेची मुलं अजिंठ्याच्या नकला करत हात बसवतात. अजिंठ्यात रेषा आकृतीला पुरती वेढते आणि गोलाई वर्तनेतून, म्हणजे कडेने गडद होत जाणाऱ्या छटेतून, येते. एका दिव्याचा एकाच अंगाने पडलेला उजेड तिथे नाही. 1942च्या या सिनेमात सगळा खेळ त्याच उजेडाचा. छायालेखक आर्थर एडसन चेहऱ्याची एक बाजू उजळतो, दुसरी अंधाराच्या हवाली करतो. नायक हम्फ्री बोगार्टचा खांदा मागच्या काळोखात विरतो. तिथे रेघ ठेवली की माणूस कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून अंधाराकडची कड रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने मोडावी. उजेडाकडची मात्र तशीच धारदार राहू द्यावी.

करड्या रंगासाठी नुसता काळा-पांढरा मिसळू नये, चित्र निर्जीव होतं. अल्ट्रामरिन ब्ल्यू आणि बर्न्ट अंबर मिळून जवळजवळ काळा तयार होतो. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार. आधी नऊ पायऱ्यांची पट्टी रंगवून समोर ठेवावी. रिकचा, म्हणजे बोगार्टच्या पात्राचा, पांढरा डिनर जॅकेट पांढऱ्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच थांबवावा, कारण शुद्ध पांढरा फक्त दिव्याला आणि नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या डोळ्यांतल्या चमकेला हवा. तिचा चेहरा जाळीच्या फिल्टरमधून मऊ केलेला असे, पण डोळ्यांतला ठिपका लख्ख. तो खालचा थर पूर्ण वाळल्यावर एकाच टोकाने टेकवावा. ओल्यात टेकवला की करडा होतो आणि नजरच विझते.

शेवटच्या दृश्यातला विमानतळ स्टुडिओत उभारलेला होता. विमान म्हणजे छोटं, खोटं कटआउट, आणि ते उघडं पडू नये म्हणून धुकं. चित्रातही धुक्याकडे हेच काम द्यावं: विमानाचे तपशील गिळायचं. पांढऱ्याचा पातळ थर गडदावर निळसर दिसतो, तेव्हा त्यात किंचित रॉ अंबर घालावा. ॲक्रिलिक इथल्या मे महिन्यात पॅलेटवरच साय धरतं. रंग सावकाश वाळवणारा रिटार्डर घालता येतो, पण जास्त झाला तर थर चिकट राहतो. धुक्यासाठी तैलरंगच बरा.

मापाचं थोडक्यात: पडद्याची चौकट 1.37 : 1. तयार मिळणाऱ्या 24 बाय 36 इंची कॅनव्हासमध्ये दृश्याचं वर-खाली कापलं जातं, रिकच्या कॅफेच्या कमानी जातात. सुताराकडून 24 बाय 33ची चौकट करून घ्यावी, लाकूड मुरलेलं असावं. ओलं लाकूड या उन्हाळ्यात पिळतं आणि एक कोपरा भिंतीपासून सुटून राहतो. कोपऱ्यांत पाचरी ठेवाव्यात, पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला की ठोकता येतात.

भिंत चुन्यासारखी पांढरीफेक नको. तिच्या शेजारी गडद चित्रं आणखी काळी पडतात, मधल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. फिका करडा हात मारून घ्यावा. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर, दिवा वरून साधारण 30 अंशांत. समोर खिडकी असेल तर ती झाकावीच लागते, नाहीतर चमकदार वॉर्निशवर बघणाऱ्याला स्वतःचाच सदरा दिसतो. मॅट वॉर्निश वापरावं, आणि तैलरंगाच्या जाड थरावर तेसुद्धा सहा महिन्यांच्या आत नको.

इथून लातूर-नांदेडला चित्रं न्यायची तर बबल रॅपचे फुगे रंगाकडे कधीच नकोत. टेम्पोतल्या उष्णतेत गोल ठसे उमटतात, आणि काळ्यावर ते कशानेच जात नाहीत. आधी बटर पेपर, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, मग रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गाडी पहाटे काढावी.