जुन्या ट्रकच्या दाराचा लॉक सिलिंडर काढताना: माझा अनुभव

काच वर चढवली, आतली हँडलं आणि पॅनेल काढलं. इथपर्यंत काहीच अडलं नाही. नंतरचा अख्खा दिवस मात्र एका क्लिपने खाल्ला.

सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो कुलपाचा गोल भाग, बाहेरून पत्र्यात बसतो आणि आतून नालेच्या आकाराची पोलादी क्लिप त्याच्या खाचांत घुसून त्याला धरून ठेवते. ही क्लिप पत्र्याला लगटून आडवी सरकवायची असते. आपल्याकडे ओढली तर ती सुटत नाही, पत्रा मात्र वाकतो. मुळात ती किंचित बाकदार असते आणि त्या ताणावरच सिलिंडर घट्ट राहतो. त्यात काचेच्या फटीतून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं तिच्यावर पडतं, मग गंजाने क्लिप आणि पत्रा एकजीव होतात.

गंज सोडवणारं तेल मारून दहा मिनिटांत जोर लावला, तो फुकट गेला. तेल रात्रभर मुरायलाच हवं, मध्ये दोनतीनदा पुन्हा मारायचं. सकाळी क्लिपचं वळवलेलं टोक आरसा आणि टॉर्च घेऊन शोधलं. नुसत्या चाचपण्यावर विसंबू नका. त्या टोकावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडीचे हलके ठोके दिले. एक ठोका जोरात देण्यापेक्षा वीस हलके बरे, कारण गंज हादऱ्यांनी सुटतो. क्लिप निम्मी सरकली की चिमट्याने ओढता येते. दाराच्या तळाशी आधीच फडकं पसरून ठेवा, नाहीतर ती खाली पडते आणि चुंबक घेऊन शोधत बसावं लागतं.

हे खरं तर सुरुवातीलाच पाहायचं: काही ट्रकांत क्लिप नसतेच. दाराच्या कडेला, रबराखाली किंवा रंगाच्या थरांखाली, एक छोटा स्क्रू सिलिंडरला धरून असतो.

क्लिप निघाली तरी सिलिंडर लगेच हातात येत नाही. त्याच्या कडेभोवतीचा रंग पात्याने कापून घ्या. भोवतीच्या पत्र्याला आधी चिकटपट्टी लावा. मग आतून अंगठ्याने ढकला. सिलिंडरच्या मागची पट्टी कडीच्या यंत्रणेत कशी अडकली आहे त्याचा फोटो ढकलण्याआधीच काढून ठेवा. बाहेर आल्यावर सिलिंडर नीट पाहा, काहींच्या अंगावर किल्लीचा कोड कोरलेला असतो. किल्लीबरोबर फिरणारा आतला गाभा काढायचा असेल तर किल्ली घालूनच काढा. किल्लीशिवाय गाभ्यातल्या धातूच्या पातळ पत्त्या बाहेर डोकावतात आणि खाचांत अडतात.

बसवताना क्लिप आणि रबरी गॅस्केट नवीच घ्या. जुन्या क्लिपचा बाक गेलेला असतो, त्यामुळे किल्ली फिरवली की सिलिंडरही हलतो.