चिरा पाणी पितो, अळू झटकतो

पागोळ्यांखालच्या अळूच्या पानावर थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. हातभर अंतरावरच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत तोच थेंब मुरतो आणि काळपट डाग उरतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे किंचित ऋण प्रभार असतो, हायड्रोजनकडे किंचित धन. चिऱ्यातल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात, पाणी त्यांना लगेच चिकटतं. अळूच्या पानावरच्या मेणात असं धरायला काही नाही. मेण पाण्याला ढकलत नाही बरं का! पाण्याच्या रेणूंना एकमेकांचीच ओढ जास्त, म्हणून थेंब गोळा होतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो पाण्याच्या बाजूचा कोन ९० अंशांच्या आत असला की पाणी पसरतं, वर गेला की गोळा होतं. गुळगुळीत मेणावर तो ११० च्या आसपास थांबतो, अळूवर मात्र १५० च्या पुढे जातो, कारण तिथे मेणाच्या बारीक खडबडीत थरात हवा अडकलेली असते. पान अंगठ्याने जोरात चोळून पाहा, तेवढीच जागा भिजेल.

भिंतीत आणखी एक भानगड आहे ती छिद्रांची. पाणी ज्याला चिकटतं अशा ०.१ मिमी त्रिज्येच्या नळीत ते सुमारे १५ सेंमी चढतं, ०.०१ मिमीच्या नळीत दीड मीटर. कोन ९० च्या वर नेला, की तीच छिद्रं पाण्याला आत घेत नाहीत.

सिलेन-सिलोक्सेन हे भिंतीला लावायचं पाणीरोधक द्रव हेच करतं. रेणूचं एक टोक चिऱ्याच्या ओएचला बांधलं जातं, तेलकट शेपूट बाहेर राहते, छिद्रं उघडीच राहतात आणि आतली वाफ निघून जाते. ऑइलपेंट छिद्रं बुजवतो, मग मागची ओल फोड आणून पोपडे काढते. चिऱ्यावर ऑइलपेंट मारूच नये.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढावं, भिंत आतपर्यंत सुकलेली हवी. आधी शेवाळ ब्रशने घासून काढा आणि चिऱ्यांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, भरून घ्या. रुंद फटीत वाऱ्याच्या जोराने पाणी घुसतंच, तिथे सिलेन काय करणार? खिडक्यांच्या काचा झाका, काचेवरही ओएच असतात आणि डाग सुटता सुटत नाहीत. एका चिऱ्यावर आधी चाचणी घ्या, म्हणजे लिटरला किती भिंत होते ते कळेल. पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या, ओघळ पुसा. चुना किंवा पाण्याचा रंग द्यायचा असेल तर हे लावू नका, वर काहीच धरणार नाही.

जोत्यातून चढणारी ओल याने थांबत नाही. भिंतीला लोणा लागला, म्हणजे मीठ फुटलं, असेल तर उलट नुकसान होतं: मीठ लेपाच्या मागे साचून स्फटिक होतं आणि चिऱ्याचा दर्शनी थरच सुटतो. अशी भिंत आधी जोत्यापासून कोरडी करायला लागते.